आमदार आले की आल्या?

गटाराच्या तक्रारीसाठी मध्यंतरी आमच्या नगरसेविकेच्या कार्यालयात गेलो होतो. पाटीवर नाव बाईंचं, आत खुर्चीत त्यांचे यजमान. "बोला, मॅडमचं सगळं मीच बघतो." मीही त्यांना 'साहेब' म्हणालो, अर्ज त्यांच्या हाती दिला आणि घरी आलो.

घरी आल्यावर वाटलं, शब्दाच्या बाबतीत मराठी किती नशीबवान आहे! 'आमदार' आणि 'खासदार' यांतले आम, खास हे अरबी, 'दार' फारसी. या शब्दांना ना मिशा, ना बांगड्या. आमदार आले, आमदार आल्या. क्रियापद बदललं की झालं. हिंदीत 'विधायक'चं स्त्रीलिंगी रूप करायला जावं, तर 'विधायिका' म्हणजे अख्खं कायदेमंडळ! आपल्याकडे अडचण झाली ती 'पती'वाल्या शब्दांची. 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्यांना काय म्हणायचं यावर चर्चा रंगली. 'पती' म्हणजे इथे स्वामी, एवढं सांगून शब्द तसाच ठेवला गेला.

पण शब्द मोकळा असला तरी आपण तो मोकळा ठेवत नाही. 'महिला आमदार' म्हणतो, 'पुरुष आमदार' कधीच नाही. 'सरपंच' हाही दोघांना चालणारा शब्द. त्याला आपणच शेपूट लावलं: 'सरपंचपती'.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. विधानसभेत तशी सोय नव्हती, तर 2024 मध्ये 288 पैकी 21 स्त्रिया निवडून आल्या. म्हणजे आरक्षणानं दार उघडतं, हे खरं. पण आत गेल्यावर खुर्चीवर कोण बसतं?

आपल्या मोहल्ल्यांत तर मी असे फलक पाहिले आहेत, ज्यावर उमेदवार बाई आणि फोटो नवऱ्याचा. कुणी याला पर्दा म्हणेल. माझ्या मते हा पर्दा नाही, कब्जा आहे. जिला मतं मागायची, तिला चेहरा नको आणि आवाजही नको?

दोष मात्र फक्त त्या यजमानांचा नाही. त्यांना 'साहेब' मीच म्हणालो. गटार अजून तुंबलेलंच आहे, पुन्हा जावं लागणार. या वेळी अर्ज बाईंच्याच हाती देईन. थांबावं लागलं तर थांबेन.