कर्णा घरात शोभेल का?

सभेतला कर्णा कर्कश वाजतो, म्हणून घरच्या कर्ण्याला नावे ठेवू नका. सभेतला केवळ भाषणापुरता बनवलेला असतो. साध्या ध्वनिक्षेपकात विजेच्या शक्तीचा जेमतेम एखादा टक्का आवाज होतो. कर्ण्याची रुंदावत जाणारी नळी पडद्याचा जोर हवेला नीट पोचवते, त्यामुळे कितीतरी अधिक होतो. पडदाही थोडाच हलतो. तबल्याची थाप स्वच्छ उमटते.

अडचण खर्जाची. ५० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर! त्याला तोंडही अवाढव्य हवे. म्हणूनच अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांनी १९४०च्या दशकात खोलीच्या कोपऱ्यातील भिंतींनाच कर्ण्यात सामील करून घेतले.

माझ्या मते निवड कानानेच करावी, पण दोन्हींचा आवाज सारखा ठेवून. मोठा आवाज उगाच चांगला वाटतो, आणि तेवढ्याच विजेवर कर्णा मोठाच वाजणार!