फूट पाडली म्हणे!

चारचौघीजणी महिला मंडळातून बाहेर पडल्या आणि त्यांनी दुसरं मंडळ काढलं, की आपल्याकडे निकाल ठरलेला: 'समाजात फूट पाडली.' पुरुषांच्या मात्र एकाच गल्लीत दोन पतसंस्था आणि तीन तालमी सुखानं नांदतात. तिथं हा शब्द कुणाला आठवत नाही. तेव्हा बायांनो, हा शब्द एकदा तपासूनच बघू या. उदाहरण लांबचं आहे, पण बायकांचंच आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या 'सोरोरिटी' असतात. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. ग्रीक अक्षरांची नावं, बिल्ले, गुप्त शपथा असा सगळा थाट. सिनेमात तर नुसत्या पार्ट्याच दाखवतात. गोऱ्या मुलींच्या या संघटनांत काळ्या मुलींना दार बंद होतं. म्हणून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली काळ्या विद्यार्थिनींनी आपली 'अल्फा कप्पा अल्फा' काढली. चार वर्षांनी तिच्यातल्याच बावीस जणी म्हणाल्या, नाव बदलू, चिन्हं बदलू. नुसत्या मैत्रीपेक्षा बाहेरच्या कामात त्यांना उतरायचं होतं. एका माजी विद्यार्थिनीनं बजावलं, अमुक दिवसापर्यंत हे थांबवा. त्या थांबल्या नाहीत. १३ जानेवारी १९१३ ला 'डेल्टा सिग्मा थीटा' उभी राहिली.

बरोबर सात आठवड्यांनी, ३ मार्चला, वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मताधिकाराचा मोठा मोर्चा निघाला. काळ्या बायकांनी मागं चालावं, असा आयोजकांचा सूर होता. (हक्क मागायला निघालेल्यांचाच हा सूर, लक्षात घ्या!) आयडा वेल्स यांनी ते धुडकावलं आणि त्या आपल्या इलिनॉयच्या गटातच घुसल्या. या विद्यार्थिनी स्वतःचा फलक धरून चालल्या. दोन्ही बाजूंचे पुरुष अंगावर येत होते आणि पोलीस बघत उभे होते. तरी त्या चालल्या.

आणि मागं राहिलेली जुनी संस्था? ती मेली का? छे! तिनं त्याच जानेवारीत कायदेशीर नोंदणी करून घेतली. पुढं १९३५ ते १९४२, दर उन्हाळ्यात, तिच्या सभासद मिसिसिपीत आरोग्यसेवेला गेल्या. डॉ. डोरोथी फेरेबी त्यांच्या प्रमुख होत्या. जमीनदार मजुरांना दवाखान्यात येऊ देईनात, तर यांनी औषधं आपल्याच मोटारींत भरली आणि मळ्यांवर जाऊन पोरांना घटसर्पाच्या, देवीच्या लशी टोचल्या.

त्यांच्यातही हेवेदावे आहेत, दिखावा आहे, वर्गणीही आहे. पण कॉलेज संपलं, लग्न झालं, म्हणून तिथं नाव कटत नाही. पदवीधर बायकांच्या वेगळ्या शाखा असतात आणि काम पुढं चालू राहतं. आपल्याकडं पोरगी सासरी गेली की यादीतूनही जाते.

तेव्हा बाहेर पडणाऱ्या बाईला आधी एवढंच विचारा: खुर्चीसाठी गेलीस की कामासाठी? सहलीच्या पैशातून दोन मुलींची वसतिगृहाची फी भरू या, असं म्हटल्यावर जिला सभेत खाली बसवलं, तिनं जावं कुठं? आणि तिला 'फुटीर' म्हणायचा हक्क खाली बसवणारीला कुणी दिला?