बियाण्याला स्क्रू नको, पट्टा हवा!

सोयाबीनची मळणी झाली की घरच्या बियाण्याची पोती बाजूला काढायची, ही रीत आता बऱ्याच गावांत रुळली आहे. रीत चांगलीच आहे. सोयाबीनचे सरळ वाण स्वपरागसिंचित असल्याने जपून ठेवलेले बियाणे पुन्हा पेरता येते. काही गावांत गटांनी, शेतकरी कंपन्यांनी चाळणीची यंत्रेही आणली. आता प्रश्न आहे तो दाणा खालून वर चढवायचा कशाने? स्क्रूने की पट्ट्याने?

बैठकीत दोन कोटेशने येतात. स्क्रू स्वस्त, पट्टा महाग. कोणीतरी म्हणतो, "दाणा वर चढल्याशी मतलब! जास्तीचा पैसा कशापायी घालायचा?" आणि ठराव होतो स्क्रूचा. माल आडतीवर किंवा तेल गिरणीला जाणार असेल तर या ठरावात काही चूक नाही. स्क्रूला जागा कमी लागते, दाणा बंद नळीतून जातो, चढ उभा असला तरी चालतो. पण तोच दाणा मातीत पेरायचा असेल, तर हिशेब बदलतो.

स्क्रू म्हणजे नळीत फिरणारे मळसूत्र. मळसूत्राची कड आणि नळीची भिंत यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यात दाणा चिमटतो. सोयाबीनची साल पातळ, आणि कोंबाचे मूळ त्या सालीच्या अगदी लगत. दाण्याची डाळ झाली तर डोळ्यांना दिसते, पण आतला कोंब दुखावला तर दिसत नाही. तो कळतो पेरणीनंतर, तासात खांडण्या पडल्यावर! दाणा जितका कोरडा, तितका तो लवकर फुटतो.

पट्ट्यावर दाणा बसून जातो, घासला जात नाही. शिवाय काम संपल्यावर पट्टा साफ होतो. स्क्रूच्या तळाशी मागच्या वाणाचे दाणे राहतात आणि पुढच्या वाणात भेसळ होते. अर्थात पट्ट्यालाही खोडी आहेत. जागा जास्त लागते, उभ्या चढावर दाणा घसरतो, पट्टा ताणून ठेवावा लागतो, पावसात झाकावा लागतो. आणि वरून दाणा उंचावरून आदळू दिला, तर पट्ट्याचा सगळा फायदा तिथेच गेला म्हणून समजा.

ज्यांनी स्क्रू आधीच घेतला आहे, त्यांनी तो मोडीत काढावा असे मी म्हणत नाही. तो सावकाश फिरवा आणि नळी भरलेली ठेवून चालवा. अर्धी रिकामी नळी जोरात फिरली की दाणा सर्वात जास्त फुटतो. आणि तोंडावर जाळी बसवल्याशिवाय चालू करू नका. धोतराचा सोगा, साडीचा पदर, पोराचा हात ओढला जायला वेळ लागत नाही.

कोण खरे, कोण खोटे हे ठरवायला तज्ज्ञ नको. यंत्रात जाण्याआधीचे 100 दाणे आणि बाहेर पडलेले 100 दाणे वेगवेगळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा आणि सातव्या दिवशी मोजा. बियाण्याची उगवण किमान 70 टक्के हवी. त्या हिशेबाने एकरी 30 किलो लागते. उगवण 60 वर आली, तर तेवढ्याच रोपांसाठी 35 किलो पडते. एकरी पाच किलो जादा! गावाच्या एकूण एकरांनी गुणा, मग पट्टा महाग की स्क्रू, ते सांगा.

2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. विकतचे बियाणे फसले की कंपनीला जाब विचारता येतो. घरचे फसले तर कोणाला विचारणार?

म्हणून सरपंच, चेअरमन मंडळींना एकच विनंती. कोटेशनवर सही करण्याआधी विक्रेत्याला सांगा, "आमच्या पोत्यातला दाणा तुमच्या यंत्रातून काढून दाखवा, सात दिवसांनी उगवण मोजू, मग बोलू." आणि पट्ट्यापुरता पैसा नसेल, तर यंदा टोपलीनेच दाणा चढवा. घाम जाईल, पण बियाणे वाचेल.