दुसरे मत मागणे म्हणजे अविश्वास नव्हे

रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘आणखी एका डॉक्टरांना दाखवून येतो’ म्हटले की काही डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. खरे तर दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. पर्यावरणाच्या आंदोलनांकडेही त्याच नजरेने पाहायला हवे. आंदोलक म्हणजे विकासाचे शत्रू, असा शिक्का मारला की निदानच चुकते.

तळोदा तालुक्याने हे जवळून पाहिले आहे. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांच्या पुनर्वसनासाठी तळोद्यातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन देण्यात आली. त्यातील काही जमीन स्थानिक आदिवासी आधीपासून कसत होते. एकाचे घर वसवताना दुसऱ्याची भाकरी हिरावली जाईल, ही भीती सरकारी कागदांपेक्षा लोकांच्या प्रश्नांतून आधी कळत होती.

नर्मदा बचाव आंदोलनाने हे प्रश्न लावून धरले. अखेर जागतिक बँकेने ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. १९९२ च्या तिच्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींतील गंभीर त्रुटी दाखवल्या. प्रकल्पाबाबतचे हे दुसरे मतच होते. १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज घेण्याचे थांबवले. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी कायमचे तपासणी मंडळ स्थापन केले. धरण मात्र थांबले नाही. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली आणि २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले. तरीही तक्रारीला दाद मागण्याची एक जागा जगभरच्या बाधितांना मिळाली.

इतर देशांतही विश्वासाचेच गणित दिसते. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर लावला आणि पुढे तो वाढवतही नेला. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये इंधनावरील करवाढीविरुद्ध पिवळी जॅकेटे घातलेले लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. आपला पैसा योग्य कामी लागेल, असे लोकांना किती वाटते, हा यातला एक मोठा फरक. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या पाऱ्यामुळे होणारा आजार १९५६ मध्ये नोंदला गेला. सरकारने त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ मध्ये. या बारा वर्षांत लोकांनी संशय घेतला, तो रास्तच होता.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. देशात २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. तिच्यासाठी सातपुड्यातील पाड्यापाड्यांवर रक्ततपासणी व्हायला हवी. पण पाड्यावर येणारा तलाठी, वनरक्षक आणि आरोग्यसेविका ही तिन्ही माणसे लोकांच्या लेखी ‘सरकार’च असतात. जमिनीच्या मोजणीत शब्द पाळला गेला नाही, तर रक्त तपासायला आलेल्या सेविकेसमोर हात पुढे करताना माणूस कचरणारच.

हा विश्वास भाषणांनी येत नाही. पाणी तपासले, तर निकाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. पुनर्वसनाचे आश्वासन तारखेसह ग्रामसभेत, लोकांच्या बोलीत सांगावे. पाळता आले नाही, तर तिथेच जाऊन कारण द्यावे. प्रश्न विचारणाऱ्याला आधी खुर्ची द्यावी. चांगला डॉक्टर दुसरे मत घेऊन परतलेल्या रुग्णाला दारातून घालवत नाही. तो त्याचे कागद मागून घेतो आणि वाचतो.