उकुलेले : किंमत आणि मोल

एखाद्या वस्तूला गिऱ्हाईक वाढले की तिचा भाव चढतो, असा सर्वसाधारण समज आहे. हवाई बेटांतील उकुलेले या चार तारांच्या चिमुकल्या वाद्याची कथा मात्र निराळी आहे.

२३ ऑगस्ट १८७९ रोजी पोर्तुगालच्या मादेरा बेटावरील मजुरांना घेऊन ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज होनोलुलूस पोहोचले. त्यांत तीन सुतार होते. आपल्या मायभूमीतील लहान तंतुवाद्यांच्या धर्तीवर त्यांनी हवाईतील कोआ वृक्षाच्या लाकडातून नवे वाद्य घडविले. राजा कालाकौआ याने त्यास दरबारात मानाचे स्थान दिले.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथील महाप्रदर्शनानंतर साऱ्या अमेरिकेस या वाद्याचे वेड लागले. परंतु त्याचा लाभ मूळ कारागिरांच्या पदरात फारसा पडला नाही. मुख्य भूमीवरील कारखान्यांनी यंत्रांवर स्वस्त वाद्ये काढली. काहींनी तर ती हवाईतच घडल्याचे भासविले. अखेर अस्सलपणाच्या खुणेसाठी होनोलुलूच्या कारागिरांना स्वतंत्र मुद्रा वापरावी लागली. पुढे १९४९ च्या सुमारास मारिओ माकाफेरी यांचे प्लास्टिकचे उकुलेले अवघ्या ५.९५ डॉलरांत मिळू लागले आणि लाखोंनी खपले. १९६० च्या दशकात तरुणाई गिटारकडे वळली, तशी तीही लाट ओसरली.

या चढउतारांत १९१६ साली सॅम्युएल कामाका यांनी होनोलुलूत सुरू केलेला व्यवसाय टिकून राहिला. तो आजही त्यांच्याच कुटुंबाच्या हाती आहे. तेथील साध्या वाद्यासही आज मोठी किंमत मोजावी लागते. कारखान्यात तयार होणारे नवशिक्याचे वाद्य त्याच्या अल्पांशात मिळते.

या अंतरात कारागिराच्या श्रमाइतकाच कोआ वृक्षाचाही वाटा आहे. हा वृक्ष हवाईखेरीज अन्यत्र निसर्गतः उगवत नाही. वृक्षतोड आणि गुरांची चराई यांमुळे त्याची वने आक्रसली. यंत्र एका दिवसात शेकडो वाद्ये काढील. वृक्षास वाढण्यास मात्र कित्येक दशके लागतात.

स्वस्त वाद्याने असंख्य मुलांच्या हाती पहिला सूर दिला, हे त्याचे ऋण नाकारता येणार नाही. मात्र त्या अल्प किमतीवरून कारागिराच्या हाताचे आणि वनातील वृक्षाचे मोल ठरवू नये. किंमत बाजार ठरवितो. मोल ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते.