बाजाराचे गाव

मिठामिरचीची गोष्ट वेगळी. परंतु घरात लग्न निघाले, बैलजोडी घ्यावयाची झाली किंवा तुरीची रास विकावयाची झाली, म्हणजे ठाणाकुशनूरकडील पुष्कळांचे पाय उदगीरकडे वळतात. आम्ही त्याविषयी आज चार शब्द लिहितो.

इंग्लंडातील जुन्या बाजारगावांना बाजार भरविण्यास राजाची सनद लागे. ब्रॅक्टनच्या नावावर असलेल्या तेराव्या शतकातील कायदेग्रंथात मोठा मौजेचा हिशेब आहे. माणूस दिवसाकाठी वीस मैल चालतो. त्याचे तीन भाग करावे. एक जाण्यास, एक सौद्यास, एक उजेडी घरी परतण्यास. म्हणून सुमारे पावणेसात मैलांच्या आत दुसरा बाजार भरू नये! सनद राजाची, पण माप चालणाऱ्याच्या पायांचे.

उदगीरचे नाव इतिहासात लढाईमुळे झाले. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी तेथे निजामाचा पराभव केला आणि वर्ष उलटण्यापूर्वीच ते पानिपताच्या वाटेला लागले. किल्ला अजून उभा आहे. परंतु खेडुताचे उदगीर किल्ल्यात नाही, मोंढ्यात आहे. तुरीच्या आणि डाळीच्या गिरण्यांच्या धुरळ्यात आहे. शेजारच्या देवणीच्या गुरांनी तर या मुलुखाचे नाव दूरवर नेले. पांढरा स्वच्छ तो बाळंक्या, तोंडावर काळा तो वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेला तो शेवेरा, हे येथील पोरासही सांगावे लागत नाही.

निजामाच्या राज्यात उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांत झाले. उदगीर मुंबई राज्यात गेले. औराद-भालकीचा मुलूख म्हैसुरात गेला, ज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. कचेरीचा रस्ता एकीकडे आणि बाजाराचा दुसरीकडे, अशी आमच्या खेड्यांची गत झाली. गाड्या मात्र जुन्याच चाकोरीने चालल्या.

आता मोंढ्याची थोरवी गाताना आडत्याची वही विसरून चालणार नाही. पेरणीला उचल त्याच्याकडून घेतली की माल त्याच्याच दारी टाकावा लागतो. मग भावाची घासाघीस कसली? इतके मात्र खरे की, तोलाई किती, हमाली किती, कापले किती, हे पट्टीवर मराठीत असल्याने जुन्या माणसास स्वतः वाचता येते. शेताची पहाणी कानडीत असते. तिच्यावर कोणाचा बोजा चढला, हे विचारण्यास त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते, आणि तो दुसरा नेहमीच सज्जन असतो असे नाही.

म्हणून कित्येक घरांत संध्याकाळी एक वेगळाच व्यवहार चालतो. कानडी शाळेत जाणारा नातू आजोबांना पहाणी वाचून दाखवितो आणि आजोबा नातवाला मोंढ्यातील पट्टी वाचावयास शिकवितात.