दूषित रक्ताने बाधित रुग्णांना भरपाई मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
मार्फत : मा. तहसीलदार, मुळशी (पौड)

विषय : रक्त व रक्तघटकांतून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी वा सी यांची लागण झालेल्या रुग्णांना, चूक सिद्ध करण्याची अट न घालता भरपाई देण्याबाबत.

महोदय,

थॅलेसेमियाग्रस्त चार मुलांना रक्त चढवल्यानंतर एचआयव्हीची लागण झाल्याचे आणि त्यांतले एक मूल दगावल्याचे मे २०२२ मध्ये नागपुरात उघड झाले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्य शासनाला नोटीस काढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडातील चाईबासा येथे पाच मुलांच्या बाबतीत तेच घडले. चौकशा व्हायलाच हव्यात. पण रुग्णाची भरपाई चौकशीच्या निकालावर टांगून ठेवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चूक सिद्ध करणे रुग्णाच्या हातातच नसते. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, आणि प्रत्येक पिशवीचा दाता निराळा. आईबापांना दिसते ते पिशवीवरचे लेबल : क्रमांक, रक्तगट, रक्त घेतल्याची व मुदत संपण्याची तारीख. दाता कोण, तपासणी कोणत्या किटने झाली, हे सारे रक्तपेढीच्या रजिस्टरात. नियमाने हे दप्तर पाच वर्षे जपायचे असते. हिपॅटायटिस सी मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ लक्षणांविना शरीरात राहू शकतो. म्हणजे आजार कळेपर्यंत पुरावा रद्दीत गेलेला असू शकतो, आणि तोच पुरावा आपण पीडिताकडे मागतो.

रक्त नियमाप्रमाणे तपासले होते, मग दोष कुणाचा, असे विचारले जाते. लागण झाल्यानंतरचे काही दिवस साध्या एलायझा चाचणीत विषाणू सापडत नाही. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी नॅट चाचणी हा काळ बराच कमी करते, तरी ती देशात सक्तीची नाही. ही जोखीम चालवून घेण्याचा निर्णय शासनाचा आहे. मग कुणाचाही निष्काळजीपणा नसतानाही जे मूल बाधित झाले, त्याचा भार शासनानेच उचलायला हवा.

न्यायालयाचे दार उघडे आहे, हे खरे. जम्मूतील सांबा येथे २००२ मध्ये लष्करी रुग्णालयात रक्त दिलेल्या हवाई दलाच्या जवानाला सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२३ रोजी सुमारे १ कोटी ५४ लाख रुपयांची भरपाई दिली. पण लागण कळली होती २०१४ मध्ये! मुळशीच्या डोंगरपट्ट्यातले मजुरी करणारे कुटुंब दिल्लीपर्यंत असे झगडू शकेल काय?

खोट्या दाव्यांची व तिजोरीवरील भाराची भीती आम्ही समजू शकतो. पण आकडे पाहावेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नॅको) माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २,२३४ जणांना रक्तातून एचआयव्ही झाला. त्यांत महाराष्ट्रातले २७६. हे आकडे रुग्णांच्या सांगण्यावर आधारलेले आहेत, असा खुलासा पुढे झाला. तो मान्य केला तरी त्यातून निघते ते हेच, की पिशवीपासून दात्यापर्यंत माग काढायची सक्ती हवी. शिवाय भरपाईचे सूत्र आपल्याला नवे नाही. सदोष कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात केंद्राने २०१८ मध्येच वय व अपंगत्वानुसार ३० लाख ते १ कोटी २३ लाखांपर्यंतचे सूत्र ठरवले. दूषित रक्ताच्या प्रकरणात ब्रिटनने चाळीस-पन्नास वर्षे चालढकल केली. अखेर मे २०२४ मध्ये चौकशी अहवाल आला आणि ११.८ अब्ज पौंडांची तरतूद करावी लागली.

म्हणून राज्याने स्वतंत्र भरपाई निधी उभारावा. रक्त घेतल्याची नोंद असेल आणि लागणीचे दुसरे कारण आढळत नसेल, तर ती रक्तातूनच झाली असे गृहीत धरावे. तसे नसल्यास ते रक्तपेढीने सिद्ध करावे. अर्जापासून नव्वद दिवसांत अंतरिम रक्कम द्यावी, आणि नागपूरसह जुन्या प्रकरणांनाही योजना लागू करावी. सर्व रक्तपेढ्यांत नॅट सक्तीची करावी. युरोपीय संघाप्रमाणे नोंदी तीस वर्षे जपाव्यात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार रुग्णांची नावे गुप्त राहावीत. यामुळे दाते बिचकतील असे आम्हाला वाटत नाही. हिंजवडीच्या कंपन्यांपासून गावच्या गणेश मंडळांपर्यंत शिबिरांत हात पुढे करणारे आम्हीच आहोत, आणि आपले रक्त कुणाला बाधले तर त्याला वाऱ्यावर सोडले जाणार नाही, हे दात्यालाही कळायला हवे.

या निवेदनावर काय निर्णय झाला, ते आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
मुळशी तालुक्यातील रक्तदाते व रुग्णांचे नातेवाईक